सपाट यंत्र आणि श्रमिकाचे बोट

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील शहादा तालुक्यात, टेंभली या आदिवासी गावी, देशातील पहिले आधार क्रमांक वाटले गेले. समारंभास पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग व सोनिया गांधी उपस्थित होत्या. ज्या शहाद्यात १९७२ पासून आदिवासी शेतमजुरांनी जमिनीसाठी व मजुरीसाठी संघटित लढा दिला, त्याच शहाद्यात ओळखीचा हा नवा अध्याय सुरू झाला. पुढे याच ओळखीवर रेशनचे धान्य अवलंबून राहिले. दुकानातील यंत्राच्या सपाट काचेवर बोट ठेवावे, ठसा जुळावा, मगच धान्य मिळावे, असा क्रम रूढ झाला.

परंतु बोट सपाट नसते. ते गोलाकार व लवचीक असते. काचेवर दाबले की त्यावरील रेषा ताणल्या जातात, ठशाची आकृती बदलते. त्यात ज्याने जन्मभर ऊस तोडला, मिरची खुडली, माती उपसली, त्याच्या बोटावरील रेषाच झिजलेल्या असतात. केंद्र शासनाच्या २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीनेच ओळख-पडताळणीच्या अपयशाचे अंदाज झारखंडात ४९ टक्के व राजस्थानात ३७ टक्के इतके नमूद केले होते. यंत्र चुकते आणि उपाशी मात्र माणूस राहतो!

इलेक्ट्रॉनिक यंत्रे सपाट का, याचे उत्तर कारखान्यात आहे. सिलिकॉनच्या सपाट चकतीवर प्रकाशाच्या साहाय्याने मंडलांची आकृती उमटवतात. केसाच्या जाडीच्या शतांशाहूनही कमी खोलीत ही प्रतिमा स्पष्ट राहते. पृष्ठभाग वळला की ती पुसट होते. सपाटपणा ही निसर्गाची आज्ञा नव्हे, उत्पादनपद्धतीची सोय आहे.

ही मर्यादा ओलांडता येते, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले आहे. २००८ साली अमेरिकेत जॉन रॉजर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी डोळ्याच्या पडद्यासारखा अर्धगोल कॅमेरा बनवला. अर्धगोल रबर ताणून सपाट करावयाचे, त्यावर सिलिकॉनचे सूक्ष्म जाळे उचलून घ्यावयाचे आणि ताण सोडावयाचा. रबराबरोबर मंडलही वळते. २०१९ साली याच परंपरेतून नवजात अर्भकांच्या नाजूक त्वचेवर चिकटणारी, तारांविना नाडी व श्वास मोजणारी साधने तयार झाली. कुपोषणाने बालके गमावलेल्या अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरांत अशा साधनाचे मोल काय असेल, हे सांगावयास नको.

म्हणून प्रश्न विज्ञानाचा कमी, मालकीचा व अग्रक्रमाचा अधिक आहे. हे तंत्र विमानाच्या पंखावर व श्रीमंताच्या मनगटावर थांबणार, की साक्रीच्या, शहाद्याच्या दवाखान्यात पोहोचणार? डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने अर्धसंवाहक व पटल उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. कानपूरच्या आयआयटीत नम्य इलेक्ट्रॉनिकीचे राष्ट्रीय केंद्र उभे आहे. हा पैसा जनतेचा आहे. तेव्हा संशोधनाच्या यादीत श्रमिकाच्या शरीराला पहिले स्थान मागण्याचा हक्कही जनतेचाच आहे.

मात्र एक भ्रम नको. झिजलेल्या रेषा वक्र यंत्रानेही पुन्हा उगवणार नाहीत. ओळख पटली नाही म्हणून पात्र व्यक्तीस लाभ नाकारू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली बजावले आहे. त्याची अंमलबजावणी नव्या यंत्राची वाट पाहू शकत नाही. आपल्या कार्यकर्त्यांनी रेशन दुकानांवर जावे, ठसा न जुळल्यामुळे परत गेलेल्यांची नोंद ठेवावी, त्यांचे धान्य त्याच दिवशी मिळवून द्यावे आणि ती नोंद घेऊन तहसील कचेरीत जाब विचारावा.

यंत्राने माणसाच्या आकाराप्रमाणे वळावे. आजवर माणसालाच यंत्राप्रमाणे सपाट केले गेले, हे आता पुरे झाले.