गाडी पुन्हा पुन्हा तापते तेव्हा

कशेडी घाटात आमची गाडी तिसऱ्यांदा तापली. मागे अम्मी बसलेली, आणि धाकटा भाऊ रेडिएटरचं झाकण उघडायला निघालेला. अब्बांनी त्याचा हात धरला म्हणून बरं. तापलेल्या इंजिनातलं पाणी दाबाखाली असतं; झाकण सैल होताच ते उकळतं अंगावर उडतं. इंजिन पुरतं निवल्याशिवाय झाकणाला हात लावू नये.

दर वेळी गॅरेजवाला पाणी भरून द्यायचा आणि आम्ही निघायचो. पाणी कमी होतंय, तर ते जातंय कुठे, हे कुणी विचारलंच नाही. अखेर दुसऱ्या मिस्त्रीने प्रेशर टेस्ट केली. वॉटर पंप थेंब थेंब गळत होता. गरम इंजिनावर पाणी सुकून जाई, म्हणून जमिनीवर डाग दिसत नसे. पंप बदलला, साध्या पाण्याऐवजी कूलंट भरलं.

त्याआधी ‘विकून टाकू, घेणाऱ्याला काय कळतंय’ असं मी बोलून गेलो होतो. अब्बा एवढंच म्हणाले, ‘‘त्याच्याही गाडीत मुलंबाळं बसणार ना?’’

तोच बिघाड दुसऱ्यांदा झाला, की तारीख, किलोमीटर आणि किती पाणी भरलं ते वहीत लिहा; मिस्त्रीला तीच वही दाखवा. काटा वर चढू लागला तर एसी बंद करून गाडी कडेला घ्या. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर दिसला, तर तपासल्याशिवाय गाडी हलवू नका. आणि विकायचीच असेल, तर दोष आधी सांगा, किंमत नंतर.