मुलाखतीनंतरचे मार्गदर्शन

एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाचे विषय ठरण्याचे हे दिवस. विदर्भ-मराठवाड्यातल्या महाविद्यालयांच्या यादीत आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबांतील स्त्रिया हा विषय यंदाही असेल, आणि तो असायलाच हवा. यवतमाळ-बीडकडच्या ज्या मुलामुलींनी हे जवळून पाहिले आहे, त्यांनी त्यावर नाही लिहायचे तर कोणी? विषय नाजूक म्हणून तो नाकारणे आम्हाला पटत नाही. मार्गदर्शकाने सिनॉप्सिसवर सही केल्यावर विद्यार्थ्याला थेट प्रबंधाची प्रकरणे तपासायलाच भेटणे, हेही पटत नाही.

ज्या बाईकडे विद्यार्थी जाणार, तिने तीच हकिकत पोलिसांना, तलाठ्याला, पत्रकारांना सांगून झालेली असते. प्रकरण ‘पात्र’ ठरले की शासनाचे 1 लाख रुपये मिळतात, ‘अपात्र’ ठरले की हात रिकामे. मग वही घेऊन दारात आलेला कोणीही तिला सरकारी माणूस वाटला तर नवल नाही. अशा वेळी संमतीपत्रावरची सही फारशी खरी नसते. या मुलाखतीने तुमच्या मदतीत काही वाढणार नाही, काही कमीही होणार नाही, हे आधी तिच्या बोलीत सांगावे लागते. दीर-सासरे शेजारी बसलेले असताना सातबाऱ्यावरच्या नावाचा प्रश्न काढायचा नाही, हेही मुलाखत अनुसूची तपासतानाच सांगायचे. प्रबंधात नाव बदलून भागत नाही. गाव, मृत्यूचा महिना आणि मुलांची संख्या तशीच ठेवली, तर तालुक्यातला कोणीही ते घर ओळखतो.

एवढी काळजी काही मार्गदर्शक घेतात. ऐकणाऱ्या विद्यार्थ्याची काळजी मात्र बहुतेकदा कोणाच्याच कामात बसत नाही.

सर्वांत कठीण भाग मुलाखतीचा असतो असे आपण धरून चालतो. आमच्या मते तो ट्रान्सक्रिप्शनचा असतो. मुलाखतीत माणूस समोर असतो, थांबता येते, पाणी पुढे करता येते. वसतिगृहाच्या खोलीत हेडफोन लावून बसलेल्या मुलीला यातले काहीच करता येत नाही. एक शब्द लागत नाही म्हणून तेच रडणे ती पुन्हा पुन्हा मागे नेऊन ऐकते. पुढे विश्लेषणासाठी तोच मजकूर परत वाचते. झोप उडते, प्रकरण रखडते, आणि आपण शेरा मारतो: नियमित भेटत नाही. हा शेरा लिहिण्याआधी तिला बोलवावे.

दिवसाला एकच मुलाखत, गावात जाताना सोबत कोणीतरी, संध्याकाळी मार्गदर्शकाचा फोन, एवढे तरी ठरवून टाकावे. पहिल्या दोन मुलाखती झाल्या की काम थांबवून भेटावे, आणि त्या भेटीत किती झाल्या हे विचारण्याआधी काय ऐकलेस ते विचारावे. विद्यार्थ्याच्या स्वतःच्या घरी असा मृत्यू झालेला असू शकतो. हे सिनॉप्सिसच्या वेळी एकांतात, हळुवारपणे विचारावे, सांगण्याची सक्ती न करता. कळले म्हणून विषय काढून घेऊ नये. पण जानेवारीतही विषय बदलायची मुभा, गुणांचे नुकसान न होता, त्याला असली पाहिजे. मार्गदर्शकाने समुपदेशक व्हावे असे आम्ही म्हणत नाही. कोणाकडे पाठवायचे, हे मात्र त्याला माहीत हवे. टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास चालतो, तो विद्यार्थ्याच्या आणि त्या बाईच्याही हाती असावा.

लहान मुलांशी बोलणाऱ्या अभ्यासात आणखी एक जबाबदारी येते. मुलाने लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली, तर पोक्सो कायदा, 2012 च्या कलम 19 प्रमाणे ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. संमतीपत्रात सरसकट गोपनीयतेचे वचन देणारा विद्यार्थी मग कात्रीत सापडतो. गोपनीयतेची मर्यादा आधीच लिहावी, आणि असा प्रसंग आलाच तर पोलीस ठाण्यात त्याच्यासोबत मार्गदर्शकाने जावे.

या सगळ्याला वेळ लागतो, आणि आज कार्यभाराच्या तक्त्यात त्याला जागा नाही. येत्या अभ्यासमंडळाच्या बैठकीत दोन मागण्या मांडा. अशा प्रत्येक प्रबंधामागे आठवड्याचा एक तास कार्यभारात धरला जावा. आणि संशोधन पद्धतीच्या प्रकरणात, उत्तरदात्यांची व संशोधकाची काळजी कशी घेतली, हे लिहिणे सक्तीचे व्हावे. म्हणजे व्हायवाला आलेले बहिःस्थ परीक्षक नमुना किती होता हे विचारून झाल्यावर त्याबद्दलही विचारतील.