प्रश्न विचारणंही शिकावं लागतं

‘तेव्हाच का नाही सांगितलंस?’ पोलीस ठाण्यात असो की घरात, अत्याचार झालेल्या बाईला हा प्रश्न हमखास विचारला जातो. विचारणाऱ्याच्या मनात वाईट नसेलही; पण आधीच भेदरलेली ती पुढे गप्पच होते.

मैत्रिणींनो, प्रश्नाच्या शब्दांनी उत्तरही बदलतं. १९७४ मध्ये अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना अपघातांचं चित्रण दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात ‘धडकल्या’ऐवजी ‘जोरात आदळल्या’ असा शब्द घातला, तर सांगितलेला वेग वाढला!

गुन्हे तपासाचं मानसशास्त्र हेच तर शिकवतं. परदेशात त्याचं पदव्युत्तर शिक्षण घरबसल्या, ऑनलाइन घेता येतं. आपल्याकडे मात्र यूजीसीने २०२५च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राच्या ऑनलाइन आणि दूरस्थ अभ्यासक्रमांचे नवे प्रवेश थांबवले. उपचार करणाऱ्याला प्रत्यक्ष सराव हवाच, हे पटतं. पण जबाब घेणं म्हणजे काही उपचार नव्हे. गावातल्या समुपदेशन केंद्रात बसणाऱ्या बाईने घरदार सोडून हे शिकायला जायचं तरी कुठे? पुस्तकी भाग ऑनलाइन आणि सराव जिल्ह्याच्या ठिकाणी, एवढी सोय व्हायलाच हवी. ऐकणारी तयार असेल, तरच सांगणारीला धीर येईल ना!