यादी ही अमानत आहे

लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव. मावळातली आपली कोणतीही छोटी संस्था घ्या. शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारकार्डाच्या प्रती, विधवांना दिलेल्या मदतीच्या याद्या, घरच्या वादात सल्ला मागायला आलेल्या भगिनींचे कागद हे सगळे आज कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असते. ‘सुल्ली डील्स’ (२०२१) आणि ‘बुल्ली बाई’ (जानेवारी २०२२) या अॅपवर मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’साठी मांडले गेले, ते आपण विसरलेलो नाही. ते फोटो समाजमाध्यमांवरून उचललेले होते. आपल्याकडची यादी फुटली, तर पत्ता आणि फोन नंबरही बाहेर जाईल.

मग सुरक्षेसाठी एकाच कंपनीचे एकत्रित पॅकेज घ्यावे, की अँटिव्हायरस, ईमेल, पासवर्ड, बॅकअप अशा प्रत्येक कामाला वेगळे, त्यातले उत्तम साधन निवडावे?

पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे उदाहरण पाहा. शनिवार, ११ ऑगस्ट २०१८ रोजी बनावट यंत्रणेने एटीएम व्यवहार मंजूर केले आणि २८ देशांतून पैसे निघाले. सोमवारी स्विफ्टमार्गे आणखी रक्कम हाँगकाँगला गेली. एकूण फटका सुमारे ९४ कोटींचा. दारे दोन होती, चोर एकच. वेगवेगळ्या दारांवर एकत्र नजर नसली की असे होते.

एकाच्या भरवशावर राहण्याचाही धोका आहेच. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइकच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले.

तरीही माझे मत स्पष्ट आहे: छोट्या संस्थेने एकत्रित पॅकेजच घ्यावे. वेगळी साधने चांगली असतात, पण त्यांचे इशारे रोज वाचणारा माणूस लागतो. बँक तो पगारावर ठेवते. आपल्याकडे रविवारी येणारा एखादा कार्यकर्ता असतो. पाच साधनांचे पाच इशारे न वाचता पडून राहण्यापेक्षा एकाच पडद्यावर दिसणारा एक इशारा बरा. पात्र नोंदणीकृत संस्थांना गुगल आणि मायक्रोसॉफ्टच्या सेवा मोफत किंवा सवलतीत मिळतात, तिथून सुरुवात करता येईल.

मात्र तीन गोष्टी पॅकेजच्या बाहेर ठेवा. पहिली, बॅकअप: वेगळ्या हार्ड डिस्कवर, संगणकापासून काढून, दुसऱ्या जागी. दर तीन महिन्यांनी त्यातली एखादी फाइल उघडून पाहा. दुसरी, किल्ल्या: खाते संस्थेच्या नावावर, अॅडमिन दोघे, रिकव्हरी कोड कागदावर बंद पाकिटात. अध्यक्ष बदलले की पासवर्डही बदलायचा. तिसरी, भगिनींच्या तक्रारींचे कागद: वेगळ्या जागी, दोघी-तिघींनाच दिसतील असे. ते व्हॉट्सअॅप ग्रुपवर कधीच नकोत.

आणि मुळात नको ती माहिती गोळाच करू नका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही कामापुरतीच माहिती घ्या, असे सांगतो. वह्या वाटायला आधारकार्डाची प्रत कशाला हवी? पैशांची फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा.

लोकांनी विश्वासाने दिलेली वस्तू सांभाळणे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. पुढच्या बैठकीत एवढेच विचारा: आपल्या याद्या कुठे आहेत आणि त्यांच्या किल्ल्या कुणाकडे?