पदवीच्या वर्गाचे मारेकरी

महाराष्ट्रातल्या पदवी महाविद्यालयाचा वर्ग मरणपंथाला लागला आहे, आणि हे दुखणे दैवाने आलेले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम करून त्याचा गळा दाबला, राज्य सरकारने पदे गोठवून त्याचे अन्न तोडले, आणि ज्यांनी आकांत करायचा ते संस्थाचालक शेजारी उभे राहून पाहत राहिले.

पुरावा हवा असेल तर आयोगाची 2018ची नियमावली उघडा. अध्यापक कसा शिकवतो हे तीत कशावरून ठरते? नेमून दिलेल्या तासांपैकी 80 टक्के तास घेतले की शेरा ‘चांगले’. 70 टक्क्यांच्या पुढे गेले की ‘समाधानकारक’. बस्स! समोरच्या साठ पोरांना कलनशास्त्र कळले का, एखाद्या पोरीने तासानंतर थांबून प्रश्न विचारला का, याला त्या तक्त्यात जागाच नाही. रोजगार हमीवरचा मुकादमसुद्धा खड्डा किती खोल गेला ते मोजतो. आयोगाला तेवढीही गरज वाटली नाही.

आता त्याच नियमावलीत बढतीचे काय लिहिले आहे ते वाचा. पीएच.डी. नसेल तर महाविद्यालयातला अध्यापक सहयोगी प्राध्यापक होणार नाही. 10 शोधनिबंध नसतील तर प्राध्यापक होणार नाही. शिकवण्याचे मोल हजेरीपुरते आणि छापलेल्या कागदाचे मोल पगाराएवढे! ज्या तालुक्याच्या महाविद्यालयाला चार चांगली संशोधन नियतकालिके घेणे परवडत नाही, तिथल्या मराठीच्या, वाणिज्याच्या, रसायनशास्त्राच्या शिक्षकाने हे संशोधन करायचे कुठे आणि कशाच्या बळावर? 2010 साली आयोगाची शोधनिबंधांना गुण देण्याची पद्धत आली आणि पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांचे पेव फुटले. मे 2018मध्ये आयोगाला स्वतःच्याच मान्य यादीतून 4,305 नियतकालिके काढून टाकावी लागली. हा आकडा म्हणजे आयोगाने स्वतःच्या हाताने लिहिलेला कबुलीजबाब आहे. ज्यांनी हे कागद छापून घेतले त्यांना आम्ही निर्दोष म्हणणार नाही; पण ज्याने ही वाट बांधली, तो त्यांच्याहून मोठा गुन्हेगार आहे.

सरकारने पदे गोठवली, मग वर्गात उभे कोण राहते? तासिका तत्त्वावरचा शिक्षक. नेट-सेट झालेला, पुष्कळदा पीएच.डी. झालेला, वयाची चाळिशी गाठलेला. जेवढे तास तेवढे पैसे, तेही महिनोन्‌महिने थकलेले. दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुटीत हातात दमडी नाही. पुढच्या जूनमध्ये आपण इथे असू की नाही हे ज्याला ठाऊक नाही, त्याने विद्यार्थ्याचा तीन वर्षांचा पाया घालायचा! सरकार या माणसाची फसवणूक करते आहे आणि त्याच्यामार्फत लाखो मुलांची.

संशोधनाशी आमचे वैर नाही. उलट संशोधक पदवीच्या वर्गात यावा, अशीच आमची मागणी आहे. 1857 साली मुंबई विद्यापीठ लंडनच्या नमुन्यावर निघाले ते परीक्षा घेण्यापुरते. शिकवणे महाविद्यालयांकडे राहिले. पुढे मोठे संशोधन स्वतंत्र संस्थांच्या कुंपणात गेले. ही फारकत घातक आहे, हे खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांनी वारंवार बजावले होते. विद्यापीठांसाठी आयुका ही खगोलशास्त्राची संस्था 1988 साली उभी राहिली. संशोधकांनीच पदवीच्या मुलांना शिकवावे या विचाराने पुण्यात 2006 साली आयसर ही विज्ञानसंस्था निघाली. उत्तम झाले. पण तिथे पोचणारी मुले मूठभर. बार्शीच्या, किनवटच्या, चिपळूणच्या बी.एस्सी.च्या मुलाने कोणता गुन्हा केला आहे?

आणि मोठ्या विद्वानांनी पदवीचा वर्ग घेणे आपल्याला जमत नाही, असे कोणी सांगू नये. केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ परांजपे परत येऊन फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते. धोंडो केशव कर्वे तिथेच गणित शिकवत होते, गोपाळ कृष्ण गोखलेही तिथेच शिकवत होते. पदवीचा वर्ग ही त्यांना बढतीच्या आड येणारी अडचण वाटली नाही. त्यांच्या आयुष्याचे ते मुख्य काम होते.

2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने संशोधनप्रधान विद्यापीठे, अध्यापनप्रधान विद्यापीठे आणि स्वायत्त पदवी महाविद्यालये असे भेद मांडले. मांडले खरे, पण जोवर शिकवणाऱ्याला शिकवण्यावर बढती नाही, तोवर ‘अध्यापनप्रधान’ हा शब्द फसवा आहे. महाविद्यालयीन अध्यापकाच्या बढतीतून शोधनिबंधांची सक्ती काढा. त्याच्या वर्गात बसून, त्याने काढलेल्या प्रश्नपत्रिका आणि तपासलेल्या वह्या पाहून त्याची परीक्षा घ्या. रिक्त पदे पूर्ण पगारावर भरा. आणि सरकारी पैशावर चालणाऱ्या प्रत्येक संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञाला वर्षातून एक सत्र जवळच्या महाविद्यालयात प्रथम वर्षाला शिकवणे बंधनकारक करा.

पालकहो, येत्या जूनमध्ये प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी प्राचार्यांसमोर बसा आणि विचारा: या विभागात पूर्णवेळ शिक्षक किती, तासिकेवरचे किती? उत्तर लेखी मागा.