परशाची साडी आणि आमचं डिपॉझिट

मला एक वाईट खोड आहे. आवडता सिनेमा कुणाला दाखवायला बसले, की मी सिनेमा बघतच नाही. समोरच्याचं तोंड बघत बसते. आता हसेल... आता हसायलाच पाहिजे... हसला का? नाही? झालं, मी लगेच पॉज करून जोक समजावून सांगायला घेते! 'साराभाई व्हर्सेस साराभाई' दाखवताना मी हे इतक्या वेळा केलं, की एका चांगल्या मैत्रिणीने माझ्या हातातून रिमोट काढून घेतला आणि उरलेला एपिसोड आम्ही एकमेकींशी न बोलता पाहिला. (तिच्या लग्नाला गेले होते हां मी. मैत्री शाबूत आहे.)

तर मंडळी, एवढी खोड ठाऊक असतानाही मी गेल्या मे महिन्यात आमच्या रूममेटला 'अशी ही बनवाबनवी' दाखवायला बसवलं. तिचं नाव सांगत नाही, तिला कॉलममध्ये यायचं नाहीये. आपण तिला हैदराबाद म्हणू, कारण ती तिथली आहे. घरी तेलुगू, ऑफिसात इंग्लिश आणि माझ्याशी ते त्यांचं 'नक्को'वालं हिंदी.

कोथरूडमधल्या आमच्या फ्लॅटमधली ती शेवटची रात्र होती. मालकांच्या मुलाचं लग्न ठरलं, त्यामुळे आम्हाला एक महिन्याची नोटीस. याबद्दल तक्रार नाही, घर त्यांचं आहे. पण डिपॉझिट साठ हजार, आणि ते मागायला गेलं की काकांना आधी रंगकाम आठवायचं, मग बाथरूमचा नळ आठवायचा आणि शेवटी 'पुढच्या महिन्यात बघू' आठवायचं. टीव्ही खोक्यात, गाद्या दोरीने बांधलेल्या, वायफाय कापलेलं. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप लावला आणि भिंतीला टेकून बसलो. दु:खात माणसं देव आठवतात, मी धनंजय माने आठवते.

हा सिनेमा १९८८चा. म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचा. सांगलीत आमच्याकडे तो दिवाळीला, मे महिन्यात, आजारपणात, पाहुणे आले की आणि पाहुणे गेले की लागायचा. पस्तीस वेळा तरी पाहिला असेल. संवाद इतके पाठ, की आवाज बंद करूनही आमचं घर तो चालवू शकतं. बाबा अशोक सराफ, मी लक्ष्मीकांत बेर्डे आणि आई (नाइलाजाने) सगळ्या बायका. वसंत सबनीसांनी लिहिलेला सिनेमा आहे हा, 'विच्छा माझी पुरी करा'वाल्या सबनीसांनी. त्यामुळे त्यातली वाक्यं डोक्यात नाही, जिभेवर राहतात. असं आपलं माझं मत.

पण हैदराबादची जीभ वेगळी ना! पहिलाच गोंधळ ७० रुपयांवर झाला. तुम्हाला तो सीन सांगायला नकोच, तरी सांगते. घरमालक विश्वास सरपोतदारांनी, म्हणजे आपल्या सुधीर जोशींनी, इस्रायलहून मधुमेहाचं औषध आणवायला धनंजयकडे ७० रुपये दिलेले असतात. ते परत मागितल्यावर धनंजय सांगतो, की औषध आणणारा मित्र गेला आणि त्याच्याबरोबर पैसेही गेले. गेले म्हणजे चक्क 'वारले'! मी पॉज केलं. म्हटलं, 'हे बघ, वारले म्हणजे मर गये. सत्तर रुपये मर गये.' ती म्हणाली, 'रुपये कैसे मरते?' आता काय सांगू? वारणं हे माणसांनी करायचं काम आहे, तेही जरा मानाने, पेपरात फोटोबिटो येऊन. पैशाला तो मान दिलाय यातच सगळी गंमत आहे, हे हिंदीत मला येईना. अशोक सराफचा तो गंभीर चेहरा, सुधीर जोशींचा कळायला लागलेला अर्धा सेकंद... सगळं माझ्या भाषांतराखाली चिरडून गेलं.

मी हिरमुसून गप्प बसले. आणि तेव्हा एक गंमत झाली. पस्तीस वेळा ज्या सीनला मी लोळून हसले होते, तो बघताना पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं, की अरे, इथे पैसे मालकाचे बुडतात! भाडेकरू बुडवतो! आणि आमचं काय चाललंय? आमचे साठ हजार त्या कोथरूडच्या काकांकडे वारायच्या बेतात आहेत आणि आम्ही साधा फोटोही लावू शकत नाही.

सिनेमा पुढे सरकत होता. लहानपणी मला वाटायचं, हा साड्या नेसलेल्या पुरुषांचा सिनेमा आहे. त्या रात्री खोक्यांमध्ये बसून बघताना वाटलं, छे, हा छपराचा सिनेमा आहे. चार धडधाकट पोरं पुण्यात राहायला जागा शोधतायत, आणि सगळ्या शहराचं म्हणणं एकच, बायको कुठाय? लीलाबाई काळभोरांच्या बंगल्यात फक्त जोडपी चालतात. म्हणून सुधीरची सुधा होते आणि परशाची पार्वती. नेहमी म्हणतात की विनोदासाठी साडी नेसवली. अहो, भाड्यासाठी नेसवली!

आणि दोघं ती नेसतात किती वेगळी. सचिन सुधा होऊनच जातो. मान, हात, पदर, सगळं सांभाळून, आरशात बघून सराव केल्यासारखं. लक्ष्या पार्वती होतच नाही. तो आतून पूर्ण परशाच राहतो, घाबरलेला, घाम फुटलेला, साडीत कोंडलेला. डोहाळजेवणाच्या गाण्यात त्याच्याकडे नीट बघा कधीतरी. बाकी सगळे नाचतायत आणि हा माणूस पळून जायची वाट शोधतोय! शेजारी नवऱ्याच्या रोलमध्ये सिद्धार्थ राय. २००४मध्ये हे दोघंही गेले, सिद्धार्थ मार्चमध्ये आणि लक्ष्या डिसेंबरमध्ये. पुढच्या वर्षी सुधीर जोशीही. टीव्हीवर मात्र दर महिना-दोन महिन्यांनी ते सगळे नवीन जागा शोधत असतात. असो.

साड्या नेसून दोघं बाहेर आले आणि हैदराबाद एकदम ताठ बसली. 'अरे! ये तो नरेशवाली पिक्चर है! ये हमारी है!'

मी म्हटलं, एक्सक्यूज मी?

तर तेलुगूत 'चित्रम् भळारे विचित्रम्' नावाचा सिनेमा आहे म्हणे. त्यात नरेश साडी नेसतो आणि तिच्या घरी तो दिवाळीला, आजारपणात, पाहुणे आले की आणि गेले की... बरोब्बर! रात्री साडेअकराला आमचं कडाक्याचं भांडण झालं. ती म्हणे तुम्ही कॉपी मारलीत, मी म्हणे तुम्ही. शेवटी शोधलं. त्यांचा आमच्यानंतरचा निघाला, आमच्यावरूनच केलेला. मी उठून खोक्यावर उभी राहिले. लैच कॉलर टाइट!

चार मिनिटं टिकली. कारण मी आणखी खाली वाचत गेले. आमच्या आधी हिंदीत, १९६६मध्ये, हृषिकेश मुखर्जींचा 'बीवी और मकान'. त्याच्या आधी बंगालीत, १९५५मध्ये, 'जय मा काली बोर्डिंग'. आपल्यानंतर कन्नडमध्ये एक, पंजाबीत २०१४ मध्ये 'मिस्टर अँड मिसेस ४२०'. म्हणजे सत्तर वर्षं झाली, या देशात कुठल्या ना कुठल्या शहरात कुणीतरी मालकाला फसवायला साडी नेसतंय! मी खोक्यावरून खाली उतरले. हैदराबाद म्हणाली, 'पूरे इंडिया में एकी प्रॉब्लम है क्या?' आणि मग हसायला लागली. माझ्या भाषांतराशिवाय, शेवटपर्यंत.

माझं मत विचाराल तर सगळ्यात भारी आपलाच. यात पक्षपात आहे आणि मी तो लपवणार नाही.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी आम्हाला जी जागा मिळायची होती, ती कर्वेनगरला एका आजींच्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर. एजंट आधीच बोलला होता, 'मॅडम, आजींना नातेवाइकांतल्या मुली पाहिजेत. वेगवेगळ्या घरच्या आल्या की भांडतात आणि सोडून जातात, असं त्यांचं म्हणणं. तुम्ही मावसबहिणी म्हणून सांगा.' मी सांगलीची, ती हैदराबादची. बरं, म्हटलं. एक मावशी लग्न करून तिकडे गेली, असं ठरवून टाकलं. इतर सात जागांनी आम्हाला 'बॅचलर नको' म्हणून सांगितलं होतं. (मुलींनाही बॅचलरच म्हणतात एजंट लोक.) सही करताना माझा हात जरासुद्धा थरथरला नाही. हे मला नंतर आवडलं नाही.

कारण आजी चांगल्या निघाल्या ना! सरपोतदारांना फसवायला काही वाटत नाही, ते वाटू नये असेच आहेत. लीलाबाईंचं तसं नाही. आमच्या आजींनी डिपॉझिट कमी घेतलं, पहिल्या दिवशी वर चहा पाठवला, आणि पावसात गॅलरी गळायला लागली तर स्वत: माणूस बोलावला. त्या 'तुझी मावशी बरी आहे ना गं?' असं विचारायच्या आणि मी 'हो आजी, मजेत' म्हणायचे. वर येऊन आम्ही दोघी एकमेकींकडे बघायचो नाही. खरं सांगून टाकू, असं हैदराबाद दोनदा म्हणाली. मी दोन्ही वेळा म्हटलं, अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट होऊ दे. मला पुन्हा गाद्या बांधायच्या नव्हत्या, बस्स.

गेल्या रविवारी दुपारी आजींनी जिन्यातून हाक मारली. 'अगं, खाली या दोघी. बनवाबनवी लागलाय.'

नाही म्हणायला कारण सुचेना. गेलो. आजी खुर्चीत, आम्ही सतरंजीवर, मध्ये शेंगदाण्यांची वाटी. ७० रुपयांच्या सीनला आजी इतक्या हसल्या की चष्मा काढून डोळे पुसले. आणि हैदराबादही हसली, बरोबर जागेवर! एरवी मी खूश होऊन आजींचं तोंड बघत बसले असते. त्या दिवशी टीव्हीवरून नजर हलवायची हिंमत नव्हती. लीलाबाई बंगल्याचं दार उघडतात तिथे तर मी शेंगदाणे मोजत होते.

साड्या नेसून झाल्या आणि ब्रेक लागला. आजींनी रिमोटने आवाज बंद केला. वाटी आमच्याकडे सरकवली आणि हैदराबादकडे बघून शांतपणे म्हणाल्या,

'काय गं, तू रोज गॅलरीत उभी राहून आईशी फोनवर बोलतेस. सांगलीच्या मुलीला तेलुगू किती छान यायला लागलं नाही?'