चेंडूच्या आधी पोहोचणारा

तुमच्या मोबाइलवर कधी ना कधी ती रील आलीच असेल. हेल्मेट घातलेला एक खेळाडू मागे झुकत झुकत जवळजवळ आडवा होतो, एकच हात डोक्यामागे लांब करतो आणि बोटांच्या टोकांवर चेंडू अडकवतो. तो ओडेल बेकहॅम. तारीख 23 नोव्हेंबर 2014, सामना न्यूयॉर्क जायंट्स विरुद्ध डॅलस काउबॉइज. त्या झेलाची चर्चा अजून संपलेली नाही. तो सामना मात्र जायंट्स 28-31 असा हरले, हे रीलमध्ये कुणी सांगत नाही.

हा अमेरिकन फुटबॉल, आपण ज्याला फुटबॉल म्हणतो तो नव्हे. इथे चेंडू लांबट असतो आणि बहुतेक वेळ हातातच असतो. संघाला 10 यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. क्वार्टरबॅक नावाचा खेळाडू चेंडू फेकतो आणि तो झेलायला मैदानाच्या कडेला, घोळक्यापासून दूर उभा असतो तो वाइड रिसीव्हर. रुबाब याचा, रील्स याच्या आणि पैसाही भरपूर. मग चांगल्या रिसीव्हरमध्ये सगळ्यात महत्त्वाचं काय असतं? वेग? उंची? मोठे, मजबूत हात?

मीही आधी वेगच म्हटलं असतं. अमेरिकेतल्या मोठमोठ्या संघांनाही वर्षानुवर्षं तसंच वाटत आलंय.

चार दशांश सेकंदांची गोष्ट

तिथल्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये येऊ पाहणाऱ्या कॉलेजच्या मुलांची दर वर्षी चाचणी होते. त्यात सगळ्यांचे डोळे लागलेले असतात ते 40 यार्डांच्या, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटरच्या धावेवर. 2017 मध्ये जॉन रॉस नावाच्या रिसीव्हरने ती 4.22 सेकंदांत पूर्ण केली. तेव्हाचा तो विक्रम होता. त्याच चाचणीत कूपर कप नावाच्या मुलाला 4.62 सेकंद लागले. रिसीव्हरसाठी हा आकडा म्हणजे जवळपास नापासच.

खेळाडूंच्या निवडीत सिनसिनाटी बेंगल्सने रॉसला नवव्या क्रमांकावर उचललं. कप थांबला 69 व्या क्रमांकापर्यंत. त्याला लॉस एंजेलिस रॅम्सने घेतलं.

रॉसला पहिल्या मोसमात एकही झेल घेता आला नाही. पुढे त्याने काही चांगले सामने खेळले, पण दुखापतींनी त्याचा पिच्छा सोडला नाही आणि बेंगल्सने त्याच्याकडून जी आशा धरली होती ती पुरी झाली नाही. हे त्याला हिणवायला सांगत नाही. शरीराने साथ सोडली तर कुणाचाच इलाज चालत नाही. पण त्याच्या निवडीची सगळी चर्चा एका आकड्याभोवती फिरत होती, हेही खरंच.

आणि कप? 2021 च्या मोसमात त्याने 145 झेल, 1,947 यार्ड आणि 16 टचडाऊन अशी कमाई केली. तिन्ही आकड्यांत लीगमध्ये पहिला. फेब्रुवारी 2022 मध्ये सुपर बोलच्या अंतिम सामन्यात शेवटचं दीड मिनिट उरलेलं असताना विजयाचा टचडाऊन त्यानेच झेलला आणि सामन्याचा मानकरीही तोच ठरला. समोरचा संघ होता सिनसिनाटी बेंगल्स! रॉस तोवर तो संघ सोडून गेलेला होता.

मग या संथ मुलाकडे होतं तरी काय?

रिकाम्या जागेवर फेकलेला चेंडू

क्रिकेटमधलं एक दृश्य आठवा. सीमारेषेवरून क्षेत्ररक्षक स्टंपच्या दिशेने चेंडू फेकतो, तेव्हा यष्टिरक्षक अजून तिथे पोहोचलेलाही नसतो. तो येईल, या भरवशावर चेंडू सुटलेला असतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये हे सामनाभर चालतं. अंगावर धावून येणाऱ्या पहिलवानांमुळे क्वार्टरबॅककडे जेमतेम अडीच-तीन सेकंद असतात. रिसीव्हर मोकळा झाला का, हे निवांत बघून चेंडू फेकण्याइतका वेळ नसतोच. त्यामुळे पुष्कळदा रिसीव्हर वळण्याआधीच, त्याची पाठ दिसत असतानाच, चेंडू हातातून सुटतो. रिकाम्या जागेवर.

रिसीव्हर ज्या ठरलेल्या वाटेने पळतो तिला रूट म्हणतात. समजा, बारा यार्डांवर वळायचं ठरलंय आणि तो अकरावर वळला, किंवा एखादं पाऊल जास्त टाकलं, तर चेंडू थेट प्रतिस्पर्ध्याच्या हातात जाऊ शकतो. घरी टीव्हीसमोर बसलेले आपण क्वार्टरबॅकला शिव्या देतो. चूक रिसीव्हरच्या एका पावलाची असते.

खरी गंमत याच्याही पुढे आहे. काही रूट आधी पूर्ण ठरलेले नसतातच. बचावपटू कुठे उभा आहे, मागे सरकतोय की अंगावर येतोय, हे पळता पळता बघून रिसीव्हरने आत वळायचं की बाहेर, ते ठरवायचं. त्याच क्षणी तिकडे क्वार्टरबॅकही तोच बचावपटू बघून तोच निर्णय घेत असतो. दोघांमध्ये बोलणं नाही, खूण नाही. दोघांची उत्तरं जुळली तर झेल, नाही जुळली तर फजिती. त्या अंतिम सामन्याच्या शेवटच्या चढाईत क्वार्टरबॅक मॅथ्यू स्टॅफर्डने एक पास भलतीकडे बघत फेकला आणि तो बरोबर कपच्या हातात गेला. अशा वेळी वेगाचं घड्याळ काय कामाचं?

म्हणून माझं मत विचाराल तर पहिला गुण हाच: ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी असणं, आणि ते इतक्या वेळा करून दाखवणं की समोरचा माणूस डोळे झाकून चेंडू सोडेल. वेग नकोच असं नाही. वेगाने पळणाऱ्याची बचावपटूला धास्ती असते, तो दोन पावलं मागे उभा राहतो आणि समोर आयती जागा मिळते. पण त्या जागेत जाऊन थांबायचं कुठे, हे वेग शिकवत नाही.

विटा झेलणारा मुलगा

या खेळातला सर्वश्रेष्ठ रिसीव्हर कोण, यावर फारसा वाद होत नाही. जेरी राइस. जन्म 1962, मिसिसिपी राज्यातला. वडील गवंडी. सुट्टीत मुलं वडिलांच्या हाताखाली काम करायची. भाऊ खालून विटा फेकायचे आणि वर उभा असलेला जेरी त्या झेलायचा. वीट हातातून सुटली तर काय होतं, ते सांगायला नको.

त्याचाही धावेचा वेळ डोळ्यांत भरण्यासारखा नव्हता. कॉलेज लहान, फारसं नाव नसलेलं. 1985 मध्ये सॅन फ्रान्सिस्को फॉर्टीनाइनर्सने त्याला सोळाव्या क्रमांकावर घेतलं आणि पहिल्याच मोसमात त्याच्या हातून इतके चेंडू निसटले की घरचे प्रेक्षकही त्याच्यावर ओरडायला लागले. विटा झेलणाऱ्या हातांतून चेंडू निसटत होते! त्याचं स्वतःचं म्हणणं असं, की हात तेच होते, पण डोक्यात नव्या रूटचा इतका गोंधळ होता की चेंडूकडे लक्षच राहत नव्हतं.

पुढे सरावात तो एक गोष्ट हटकून करायचा. चेंडू झेलला की तिथेच न थांबता थेट शेवटच्या रेषेपर्यंत पळत जायचा. सराव आहे, कुणी अडवणारं नाही, तरीही. सुट्टीच्या दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या एका टेकडीचा अडीच मैलांचा चढ पळत चढायचा. त्याच्यासोबत आलेले कितीतरी खेळाडू अर्ध्या वाटेवर बसकण मारायचे म्हणतात. तो खेळला वयाच्या 42 व्या वर्षापर्यंत. कारकिर्दीत पास झेलून मिळवलेलं अंतर 22,895 यार्ड, म्हणजे जवळजवळ 21 किलोमीटर. दुसऱ्या क्रमांकावरचा लॅरी फिट्झजेराल्ड 17,492 वर थांबला. मधलं अंतरच एवढं आहे की तेवढ्यात एखाद्याची बरी कारकीर्द मावेल.

धैर्याची किंमत

एक गुण असा आहे ज्याबद्दल लिहिताना माझा हात थोडा अडखळतो. मैदानाच्या मध्यभागी येणारा चेंडू झेलताना रिसीव्हरचे हात वर असतात, बरगड्या उघड्या, नजर चेंडूवर. बाजूने कुणी धडकणार हे त्याला माहीत असतं, पण तिकडे बघायची सोय नसते. बघितलं तर चेंडू सुटतो. जाणकार याला धैर्य म्हणतात, आणि ते आहेच.

पण 12 ऑगस्ट 1978 ला न्यू इंग्लंड पॅट्रियट्सचा रिसीव्हर डॅरिल स्टिंगली असाच एक पास झेलायला झेपावला. जॅक टेटम त्याच्यावर आदळला. स्टिंगलीच्या मानेचा मणका मोडला आणि तो 2007 मध्ये जाईपर्यंत व्हीलचेअरवरच राहिला. तो सामना मोसम सुरू होण्याआधीचा, सरावाचा होता. त्याच्या निकालाने काहीही ठरणार नव्हतं. आता नियम कडक आहेत. बेसावध रिसीव्हरच्या डोक्यावर, मानेवर धडक देणाऱ्याला शिक्षा होते. तरीही ‘किती बेडर आहे बघा’ असं कौतुक ऐकलं की मला स्टिंगली आठवतो.

नजर चेंडूवरून काढा

शेवटी एक असा गुण, जो रीलमध्ये कधीच येत नाही. जानेवारी 1989 चा सुपर बोल. राइसने 11 झेल आणि 215 यार्ड मिळवले, सामन्याचा मानकरी तोच. पण 34 सेकंद उरलेले असताना विजयाचा टचडाऊन झेलला तो जॉन टेलरने. त्या खेळीत राइस दुसरीकडे पळाला आणि बचावाला त्याच्यावर नजर ठेवणं भागच होतं. चेंडू आपल्याकडे येणार नाही हे माहीत असूनही जीव तोडून पळायचं, हेही रिसीव्हरचंच काम. (त्या दिवशी हरलेला संघ? पुन्हा सिनसिनाटी. या शहराच्या नशिबी रिसीव्हर काही बरे नाहीत.)

सुपर बोल फेब्रुवारीत असतो आणि आपल्याकडे सोमवारी पहाटे पाचच्या सुमाराला दिसतो. लवकर उठलात तर एकदा करून बघा. चेंडू कुणाकडे आहे ते सोडून द्या आणि कडेला उभ्या असलेल्या एकाच रिसीव्हरवर नजर ठेवा. तो कितव्या पावलाला वळतो ते मोजा. टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे जाईल आणि तुमचा रिसीव्हर बऱ्याचदा चौकटीबाहेर निघून जाईल. मग रिप्ले येईपर्यंत थांबा. चहाला तेवढाच वेळ मिळतो.